आज्ञार्थ, विध्यर्थ आणि नेतृत्व : व्यवसाय-अधिकाऱ्यांच्या शिक्षणातील मराठीची चिकित्सा

व्यवस्थापन आणि नेतृत्वविकास या विषयांवरील मराठी लेखनाचे गेल्या काही दशकांत भरघोस पीक आले आहे. पुस्तके, नियतकालिकांतील सदरे, संस्थांची माहितीपत्रके, प्रशिक्षणवर्गांत वाटली जाणारी टिपणे असे त्याचे नाना प्रकार आहेत. हे लेखन ललित नव्हे म्हणून साहित्यसमीक्षक त्याच्या वाटेस जात नाही, आणि काटेकोर शास्त्र नव्हे म्हणून शास्त्रज्ञही त्याची फारशी दखल घेत नाही. अशा दुहेरी दुर्लक्षाचे जे सुख असते ते या लेखनास पुरेपूर लाभले आहे. वस्तुतः त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. कारण अधिकारी ज्या भाषेत नेतृत्वाचे पाठ घेतो तिचेच वळण पुढे त्याच्या आज्ञांना, परिपत्रकांना आणि त्याने दिलेल्या वा टाळलेल्या उत्तरांना लागते. नेतृत्वाचे शिक्षण हे निम्म्याहून अधिक भाषेचेच शिक्षण होय. काम कसे सांगावे, कोणास कसे संबोधावे, चूक झाली असता जाब कसा विचारावा आणि स्वतःची झाली असता तो कसा द्यावा, यापलीकडे कारखान्यातील नेतृत्व म्हणून जे उरते ते थोडेच आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या भाषिक अंगावर आहे.

विवेचनासाठी मिरा-भाईंदर हे नगर सोयीचे आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या नगराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ होती. त्याच्या पश्चिम टोकास उत्तन हे कोळ्यांचे जुने गाव, मध्ये मिठागरे व लोहमार्ग, आणि पूर्वेस लहान उद्योगांच्या वसाहती. उत्तनजवळ केशवसृष्टीच्या परिसरात रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी ही १९८२ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. लोकप्रतिनिधी व सामाजिक कार्यकर्ते यांचे प्रशिक्षण हे तिचे मुख्य कार्य. २०१७ मध्ये तेथेच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ डेमोक्रॅटिक लीडरशिप’ या संस्थेने नेतृत्व, राजकारण व शासनव्यवहार यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. व्यवसायातील अधिकारी आणि राजकारणातील कार्यकर्ता यांची शाळा एक नाही, हे खरे. परंतु त्यांची परिभाषा आता जवळजवळ एक झाली आहे. ‘नेतृत्व’ हा शब्द मराठीत राजकारणातून उद्योगात गेला आणि ‘व्यवस्थापन’ हा उद्योगातून राजकारणात आला. निवडणुकीचेही आता व्यवस्थापन होते. त्यामुळे एकाचा विचार करताना दुसऱ्यास वगळता येत नाही.

या नगरात एक शब्दयोग सहज लक्षात येण्याजोगा आहे. ज्या सभागृहात अधिकाऱ्यांना वा कार्यकर्त्यांना काही शिकविले जाते त्या कार्यक्रमास ‘कार्यशाळा’ म्हणतात. रेल्वेच्या पूर्वेस ज्या जागेत यंत्र चालते, पत्रा कापला जातो आणि माणसे दिवसभर उभी राहून काम करतात, त्या जागेस मात्र ‘गाळा’ म्हणतात. इंग्रजीतील एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी मूळ अर्थ आपल्याकडे देशी शब्दाने कधीच व्यापला होता. संस्कृत प्रतिशब्द घडला तो लाक्षणिक अर्थासाठी. परिणाम असा की मराठीत कार्यशाळेत कार्य होत नाही, आणि कार्य होते तिला कार्यशाळा म्हणत नाहीत. हा केवळ शब्दविनोद नव्हे. नेतृत्वाच्या परिभाषेत हीच फारकत ठायी ठायी आढळते.

प्रथम ‘नेतृत्व’ हाच शब्द घ्यावा. ‘नी’ या धातूस कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘नेतृ’, आणि त्यास भाववाचक ‘त्व’ लागून ‘नेतृत्व’. त्याच धातूपासून आलेले ‘नेणे’ हे क्रियापद मराठीत घरोघरी वापरात आहे. ‘नेणे’ या क्रियेस तीन गोष्टींची अपेक्षा असते: कोणी नेले, कोणास नेले आणि कोठे नेले. ‘त्याने नेले’ एवढेच म्हटले तर ऐकणारा लगेच ‘काय?’ आणि ‘कुठे?’ असे विचारतो. ‘नेतृत्व’ हे भाववाचक नाम झाले आणि यांपैकी शेवटची अपेक्षा पुसली गेली. ‘त्याने संघाचे नेतृत्व केले’ हे वाक्य पूर्ण वाटते. संघ कोठे गेला हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही. पुढे ‘नेतृत्वगुण’, ‘नेतृत्वकौशल्य’, ‘नेतृत्वक्षमता’ असे समास होऊ लागले की नेला जाणाराही दिसेनासा होतो आणि नेतृत्व ही नेत्याच्या अंगी असलेली वस्तू बनते, जशी उंची किंवा गोरेपणा. मग ती वस्तू वाढविण्याचे वर्ग निघतात. ज्या क्रियेत तीन पक्ष होते तिच्यात एकच उरला, हा शब्दसिद्धीचा परिणाम नकळत घडला असला तरी निरुपद्रवी नाही.

‘अधिकारी’ या शब्दाचा प्रवास याहून उद्‌बोधक आहे. वेदान्तात अधिकारी म्हणजे ज्ञान ग्रहण करण्यास पात्र असलेला मनुष्य. संतांच्या वाङ्मयातही अधिकार हा पात्रतेच्या अंगाने येतो, आणि एखाद्या गायकाविषयी ‘त्यांचा अधिकार मोठा’ असे आजही म्हटले जाते तेव्हा त्या गायकाच्या हाताखाली किती माणसे आहेत हे कोणी मोजत नाही. प्रशासनाच्या मराठीत मात्र अधिकारी म्हणजे ज्याच्या हाती अधिकार दिले आहेत तो. पात्रता आणि सत्ता हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. त्यांतील अंतर बोलणाऱ्यास जाणवत नाही, पण हाताखालच्या माणसास ते रोज जाणवते. व्यवसाय-अधिकाऱ्यास प्रशिक्षणाची गरज का पडते याचे उत्तर या एका शब्दात आहे: दुसरा अर्थ त्यास नियुक्तीपत्राने मिळालेला असतो, पहिला मिळावयाचा असतो.

‘जबाबदारी’ची कथा तशीच. जबाब म्हणजे उत्तर. ते ज्याच्यापाशी आहे तो जबाबदार. ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत शब्दाची घडणही तीच. तथापि प्रशिक्षणाच्या टिपणांत जबाबदारी ‘सोपविली’ जाते, ‘वाटली’ जाते, ‘निश्चित केली’ जाते. दैनंदिन बोलण्यात ती ‘टाकली’ आणि ‘ढकलली’ जाते. ही सर्व क्रियापदे ओझ्याची आहेत, उत्तराची नव्हेत. उत्तर वाटून देता येत नाही. ते ज्याला विचारले त्यानेच द्यावयाचे असते.

असे असता मराठीत काम पुढे नेणाऱ्या माणसासाठी शब्दच नव्हते असे नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर बोटीचा मालक नाखवा, बोट चालविणारा तांडेल आणि बाकीचे खलाशी. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा वंशज, ‘तांडेल’ हा दक्षिणेकडील भाषांशी नाते सांगणारा आणि इंग्रजांच्या जहाजांवर ‘टिंडल’ होऊन पोचलेला. मालकी आणि नेतृत्व यांना येथे दोन वेगळी नावे आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गाळ्यावरील ‘शेठ’ या शब्दात ती दोन्ही एकवटलेली असतात. शिवाय तांडेलाचा निर्णय चुकला तर तो स्वतः त्याच बोटीत असतो. जेथे मासळीचा वाटा पाडण्याची पद्धत आहे तेथे जाळे रिकामे आल्याचा तोटाही त्याच्या वाट्यास येतो. तांडेलपणासाठी भाववाचक नाम चालू बोलीत क्वचितच लागते, कारण तो गुण नसून जागा आहे.

मात्र देशी शब्द म्हणजे देशी सद्‌गुण, असा निष्कर्ष काढणे हा भाबडेपणा होईल, आणि तो या विषयावरील लेखनात वारंवार होतो. ‘मुकादम’ हा अरबी शब्द. अर्थ ‘पुढे ठेवलेला’, म्हणजे अर्थाने आपल्या ‘पुढारी’चा सख्खा भाऊ. मुंबईच्या डबेवाल्यांच्या गटाचा मुकादम हा स्वतः डबे उचलून मोठा झालेला असतो आणि गटातला एखादा माणूस आला नाही तर त्याचे काम अंगावर घेतो. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण तयार केले आणि तेव्हापासून व्याख्यानांतून तिचे गोडवे गायिले जातात. पण तोच ‘मुकादम’ हा शब्द ऊसतोडीच्या फडावर नेला की अर्थ पालटतो. तेथे मुकादम ‘उचल’ देतो, म्हणजे हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देऊन माणूस बांधून घेतो. आणि नवरा-बायको मिळून जे एक परिमाण होते त्यास ‘कोयता’ म्हणतात. माणसे मोजताना हत्यार मोजणारी ही भाषाही देशीच आहे. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर भरती करी, काम घेई, कामावरून काढी आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर-आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबराकडून काढून घ्यावा असे सुचविले ते याच कारणाने. सारांश, नव्या परिभाषेचा दोष दाखविताना जुनीस सोवळे नेसविण्याचे कारण नाही. जुन्या शब्दांचा उपयोग एवढाच की त्यांत नाते उघड दिसते, मग ते चांगले असो वा वाईट. नव्या शब्दांत ते झाकले जाते.

इतिहासाकडे धाव घेणाऱ्या लेखनाचाही येथे विचार केला पाहिजे. शिवकालातून व्यवस्थापनाची सूत्रे काढण्याची प्रथा मराठीत रूढ झाली आहे, आणि त्यात अष्टप्रधानमंडळास ‘संचालक मंडळ’ म्हणण्याचा मोह बहुतेकांना होतो. ही तुलना ऐकावयास बरी वाटते, पण तिच्यात उत्तराची दिशाच उलटी झाली आहे. अष्टप्रधान राजाने नेमलेले. ते राजास उत्तर देत. कंपनीचे संचालक भागधारकांनी निवडावयाचे असतात, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास प्रश्न विचारणे हे त्यांचे काम असते. जी व्यवस्था राजास सल्ला देण्यासाठी होती तिचे नाव राजास जाब विचारणाऱ्या व्यवस्थेस दिले की वाचणाऱ्या अधिकाऱ्यास स्वतःचे स्थान राजाचे वाटू लागते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्यास ‘मुख्य प्रधान’, मुजुमदारास ‘अमात्य’, डबीरास ‘सुमंत’ अशी संस्कृत नावे मिळाली, ही गोष्ट पदनामे घडविणाऱ्यांना अभिमानाने आठवते. त्या नावांबरोबर प्रत्येकाची कर्तव्ये सांगणारा कानूजाबताही होता, ही गोष्ट कमी आठवते.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न व्याकरणाचा आहे. एक साधे काम घ्यावे: यंत्र बंद करणे. ते मराठीत किमान पाच प्रकारे सांगता येते. ‘यंत्र बंद कर’, ‘यंत्र बंद करा’, ‘यंत्र बंद करावे’, ‘यंत्र बंद करायचे’, ‘यंत्र बंद करण्यात यावे’. पहिली दोन आज्ञार्थाची रूपे. त्यांत समोरच्या माणसाचा दर्जा ठरविल्यावाचून तोंड उघडता येत नाही. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषाच्या सर्वनामांचा विचार सत्ता आणि समभाव या दोन तत्त्वांनी केला. मराठी कारखान्यात ही दोन्ही तत्त्वे एकाच वाक्यात झगडत असतात. वयाने मोठ्या कारागिरास तरुण अधिकाऱ्याने ‘तू’ म्हटले तर सत्ता दिसते, ‘तुम्ही’ म्हटले तर मान दिसतो; आणि तोच अधिकारी शेजारच्या समवयस्कास ‘तू’ म्हणतो तेव्हा तो समभाव असतो, त्या समभावात आपण नाही हे मोठ्या कारागिरास समजते. इंग्रजीत एकच सर्वनाम असल्यामुळे तेथील पुस्तकांत हा प्रश्न उद्‌भवत नाही. त्या पुस्तकांच्या मागे चालणाऱ्या मराठी पुस्तकांतही म्हणूनच तो उद्‌भवत नाही, आणि ही गोष्ट मात्र अक्षम्य आहे.

‘आपण’ या सर्वनामाची गोष्ट याहून नाजूक. इंग्रजीतील उत्तमपुरुषी अनेकवचन ऐकणाऱ्यास आत घेते की बाहेर ठेवते हे संदर्भावर सोडते. मराठी तसे सोडीत नाही: ‘आम्ही ठरविले’ यात ऐकणारा बाहेर, ‘आपण ठरविले’ यात आत. नेतृत्वाचे अनुवादित पाठ ‘आपण’चा सढळ वापर करतात, कारण तो जिव्हाळ्याचा वाटतो. परंतु ज्या बैठकीस कामगार नव्हता तिच्या निर्णयाविषयी ‘आपण ठरविले’ असे त्यास सांगणे हे जिव्हाळ्याचे नसून असत्याचे लक्षण आहे, आणि मराठी ऐकणारा ते तत्काळ ओळखतो. तेथे ‘आम्ही’ हा परका वाटणारा शब्दच प्रामाणिक ठरतो. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही सर्वनाम. ‘हे काम आपण उद्या पुरे करायचे’ या वाक्यात बोलणारा हात लावणार आहे की नाही, हे दुसऱ्या दिवशीच कळते.

विध्यर्थाकडे वळले की चित्र बदलते. ‘करावे’ या रूपात कर्ता तृतीयेत जातो, क्रियापद त्याच्याशी जुळत नाही, आणि तो वगळला तरी वाक्य खुरटत नाही. आज्ञा कोणी दिली यापेक्षा काय योग्य आहे यावर भर पडतो. या रूपाचे सामर्थ्य पाहावयाचे तर परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले, १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ वाचावे. नाव आज्ञेचे असले तरी त्याचे व्याकरण प्रामुख्याने विध्यर्थाचे आहे. आरमारासाठी लाकूड लागते. पण रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, जीर्ण झाड असेल तर मालकास राजी करून, मोल देऊन न्यावे, हा त्यातील भाग प्रसिद्ध आहे. लक्षणीय गोष्ट अशी की तेथे नियमाबरोबर कारणही येते: झाड एका-दोन वर्षांत होत नाही, रयतेने ते लेकरासारखे वाढविलेले असते, आणि दुसऱ्यास दुःख देऊन केलेले काम टिकत नाही. वाचणाऱ्या अंमलदारास आज्ञा राजाची वाटण्यापेक्षा झाडाची वाटावी, असा हा गद्याचा बांधा आहे.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये आज्ञा देण्याच्या प्रश्नावर दिलेले व्याख्यान व्यवस्थापनशास्त्रात मौलिक मानले जाते. एका माणसाने दुसऱ्यास आज्ञा देऊ नये, दोघांनीही ती परिस्थितीकडून घ्यावी, असे तिचे म्हणणे. चेस्टर बर्नार्ड याने १९३८ मध्ये त्यापुढे जाऊन आज्ञेचे बळ देणाऱ्याच्या ठायी नसून ती मानणाऱ्याच्या ठायी असते असे प्रतिपादिले. मराठीतील विध्यर्थ हा फॉलेटच्या विचाराचा जणू तयार व्याकरणिक साचा आहे. १९६१ मध्ये अहमदाबाद व कलकत्ता येथे, १९६३ मध्ये पवईस आणि १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज यांच्या नावे व्यवस्थापनाच्या शिक्षणसंस्था निघाल्या. तेथून हे विचार आपल्याकडे इंग्रजीतून आले आणि इंग्रजीतच राहिले. दोन शतके आधीच्या मराठी गद्यात त्यांचे आप्त होते, याचा उपयोग करून घेण्याची बुद्धी पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना झाली असती तर बरे होते. त्यासाठी पूर्वजांना व्यवस्थापनगुरू ठरविण्याची गरज नव्हती. त्यांची क्रियापदे वाचणे पुरेसे होते.

परंतु नेमक्या याच ठिकाणी एक भेद करावा लागतो, आणि तोच या विवेचनाचा गाभा होय. विध्यर्थातही कर्ता मागे राहतो आणि ‘-ण्यात येणे’ या प्रयोगातही राहतो. दोन्हींचे नैतिक मोल मात्र सारखे नाही. ‘यंत्र बंद करावे’ ही पुढे व्हावयाची गोष्ट आहे. तिच्यात व्यक्ती गौण होणे हितावह. ‘यंत्र बंद न करण्याचा निर्णय घेण्यात आला होता’ ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिच्यात व्यक्ती अदृश्य होणे म्हणजे जाब देणारा अदृश्य होणे. इंग्रजीच्या वळणाने आलेल्या नवीन कर्मणीविषयी मराठी व्याकरणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ‘-ण्यात येणे’ने मात्र कचेरीत, परिपत्रकात आणि आता प्रशिक्षणाच्या टिपणात विनातक्रार घर केले. ‘अभिप्राय मागविण्यात आले’, ‘सुधारणा करण्यात आल्या’, ‘समज देण्यात आली’. (समज देणे म्हणजे समजावून सांगणे नव्हे, कचेरीच्या मराठीत ती शिक्षेची पहिली पायरी आहे. ज्या भाषेत समज ही शिक्षा होते तेथे प्रशिक्षणाचे काम कठीण असावयाचेच.) या वाक्यांत कर्ता घालता येत नाही असे नाही, ‘कडून’ लावून घालता येतो. पण न घातल्यास काही चुकल्यासारखे वाटत नाही, ही त्या प्रयोगाची खरी सोय. ज्या अधिकाऱ्यास ही सोय अंगवळणी पडली तो आज्ञा देताना ‘मी’ म्हणतो आणि परिणाम सांगताना ‘आले’, ‘झाले’, ‘गेले’ म्हणतो. नेतृत्वाचे शिक्षण खरे असेल तर ते याच्या उलट वळण लावील: आज्ञेत ‘मी’ कमी, हिशेबात ‘मी’ अधिक.

या दृष्टीने उत्तनची संस्था ज्यांच्या नावे आहे त्या रामभाऊ म्हाळगी (१९२१–१९८२) यांची एक प्रथा आठवावी. आमदार आणि पुढे ठाण्याचे खासदार असलेले म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल दरवर्षी मतदारांपुढे ठेवीत, यासाठी ते विशेष ओळखले जात. त्यांच्या राजकीय मतांशी येथे कर्तव्य नाही. लेखनप्रकार म्हणून त्या अहवालाचे महत्त्व असे की ज्याच्याकडून तो सक्तीने मागितला जात नव्हता त्याने तो उत्तमपुरुषी कर्ता म्हणून दिला. कंपन्यांचे वार्षिक अहवाल कायद्याने निघतात आणि भागधारकांसाठी निघतात. विभागाच्या व्यवस्थापकाने आपल्या हाताखालच्या माणसांस वर्षाचा हिशेब द्यावा, अशी रीत मराठी उद्योगात कोठे रुजल्याचे दिसत नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने कारखान्याची वार्ता मराठीत सांगण्यास आरंभ केला, पण ते नियतकालिक पुढे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. त्याने मराठीचे हित झाले, कारखान्यातील मराठी मात्र पोरकी राहिली.

आता पुन्हा भाईंदरच्या गाळ्याकडे. तेथे मराठी, मुंबईची हिंदी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी अशा भाषा एका छपराखाली वावरतात. भाषेचा प्रश्न या नगरात किती दाहक होऊ शकतो हे जुलै २०२५ मध्ये दिसले. एका दुकानदारास मराठी न बोलण्यावरून झालेल्या मारहाणीनंतर मिरा रोडवर आधी व्यापाऱ्यांचा आणि काही दिवसांनी मराठीच्या बाजूच्या संघटनांचा असे मोर्चे निघाले. त्या प्रसंगी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते भाषेच्या मानाविषयी होते. कामाच्या भाषेविषयी कोणी बोलले नाही. आणि कामाची भाषा तर त्याआधीच आपले प्रश्न मुकाट्याने सोडवीत आली आहे. मुंबईच्या हिंदीत ‘इधर रखने का’, ‘ऐसा नहीं करने का’ अशी आज्ञेची जी रूपे आहेत त्यांना प्रमाण हिंदीचे व्याकरण नाक मुरडते. पण ती मराठीतील ‘इथे ठेवायचे’, ‘असे नाही करायचे’ या रूपांच्या साच्यावर उतरलेली दिसतात. या रूपात तू, तुम, आप यांपैकी काहीच निवडावे लागत नाही. मालवणी मुकादम, राजस्थानी शेठ आणि उत्तर प्रदेशातील कारागीर यांपैकी कोणीही ते कोणासही म्हणू शकतो, आणि कोणाचाही मान दुखावत नाही. त्याच हिंदीने ‘अपन’ या शब्दाने ऐकणाऱ्यास आत घेणाऱ्या ‘आपण’ची सोयही करून घेतली, प्रमाण हिंदीच्या ‘हम’मध्ये ती नाही. फॉलेटला परिस्थितीची आज्ञा म्हणून जे अभिप्रेत होते ते भिन्नभाषी कामकऱ्यांनी, कोणत्याही वर्गाला न जाता, दोन भाषांच्या सांध्यावर घडविले आहे. मराठीने या हिंदीला काय दिले याचा हा एक ठसठशीत पुरावा आहे, आणि तो मोर्च्यात कोणाच्या फलकावर नव्हता.

यापुढे व्यवसाय-अधिकाऱ्यांच्या पुस्तकांकडे पाहिले म्हणजे उणीव स्पष्ट होते. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. त्यांनी इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द पुरविले, आणि कोशाकडून याहून अधिकाची अपेक्षा करू नये. पाठ्यपुस्तकाची गोष्ट निराळी. ‘प्रत्याभरण’ म्हणावे की ‘फीडबॅक’, ‘उद्दिष्ट’ म्हणावे की ‘टार्गेट’, यावर त्यांत जो खल होतो तो निष्फळ आहे. गाळ्यात ‘टार्गेट’ सर्वांना कळते आणि त्याने मराठीचे काही बिघडत नाही. शब्द परका असला तरी चालतो, वाक्य परके असले की अडते. अशा पुस्तकांतील स्वाध्यायही सामान्यतः अधिकाऱ्याने स्वतःच्या स्वभावाकडे पाहावे अशा धर्तीचे असतात: आपले पाच गुण लिहा, आपली तीन ध्येये लिहा. भाषेच्या अभ्यासकास अपेक्षित असलेला स्वाध्याय याहून अधिक पायावर उभा आहे. रात्रपाळीच्या कारागिरास, जो वयाने मोठा आहे आणि मराठी जेमतेम समजतो, त्यास चालू यंत्रात हात न घालण्याची सूचना कारणासह दोन वाक्यांत लिहा. मागील महिन्यात माल परत आला त्याचा खुलासा त्याच माणसांपुढे द्या. ‘-ण्यात आले’ हा प्रयोग वर्ज्य. आणि ज्या ज्या ठिकाणी ‘आपण’ लिहिले असेल तेथे ‘आम्ही’ लिहून वाक्य अद्याप खरे राहते काय ते पाहा.